पॉइंट नकोत, बाजाराचे वार छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत ‘पावसात कुठं जाल’ असं एक अख्खं पान आलं होतं. फोटो झकास होते, त्यात वाद नाही. पण मी चष्मा लावून मोजलं, एकूण चौदा नावं, त्यात नऊ धबधबे, तीन पॉइंट, एक धरण आणि एक रिसॉर्ट. गाव एक पण नाही. गगनबावडा दोनदा आलाय पण कसा, तर ‘गगनबावड्याच्या पुढं डावीकडं वळा’. आजरा आलाय तो ‘आजऱ्यात चहा घेऊन पुढं’. म्हणजे तिथं माणसं राहतात, दुकानं मांडून बसतात, पोरं शाळेला जातात, हे सगळं तुमच्या पानाच्या हिशेबात फक्त वळायच्या खुणेपुरतंच.

मी पूर्वी कधी पेपरला लिहिलेलं नाही, त्यामुळं चुकलं तर सांभाळून घ्या. मी मंगळवार पेठेत राहते, वय एकसष्ट. आमच्या थोरल्या जाऊबाई, त्यांना घरात सगळे अक्का म्हणतात, त्या शहात्तर. एसटीत पंचाहत्तरच्या वरच्यांना तिकीट माफ आहे, त्यामुळं पंचाहत्तरी उलटली तेव्हापासनं अक्कांचे पाय घरात टिकत नाहीत, आणि 2023 च्या मार्चपासनं बायकांना अर्धं तिकीट झालेलं, त्यामुळं मलाही कारण उरलं नाही नाही म्हणायला. मग आम्ही ठरवलं की आपल्याच जिल्ह्यातली डोंगराकडची तालुक्याची गावं एकेक करून बघायची. पन्हाळा, मलकापूर, गगनबावडा, राधानगरी, गारगोटी, गडहिंग्लज, आजरा, चंदगड. नियम काही फार नव्हते, एसटीनंच जायचं, सकाळी लवकर निघायचं, स्टँडवर उतरलं की जिथं गर्दी दिसेल तिथं पहिला चहा, आणि शक्यतो बाजाराच्या दिवशी जायचं. पोरं म्हणाली गाडी करून देतो, एका दिवसात चार गावं होतील. अक्का म्हणाल्या चार गावं व्हायला काय ती लग्नपत्रिका वाटायची आहेत का.

पन्हाळ्याबद्दल मी काही लिहित नाही, त्याच्यावर सगळे लिहितात, त्यातनं आता 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत नाव गेल्यापासनं गर्दी आणखी वाढलीय. मलकापूरचं मात्र एक सांगते. आंबा घाटातनं रत्नागिरीला जाणारा प्रत्येक कोल्हापूरकर मलकापुरातनं जातोय, पण उतरतो कोण? आम्ही उतरलो. विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचं हे ठाणं, त्याची जुनी ऐट अजून पेठेत कुठं कुठं दिसते, लाकडी खांबांची दुकानं, आत अंधार आणि अंधारात बसलेला मालक. पावसाळा सुरू होता, रस्त्याच्या कडेला बायका भारंगी, कुर्डू, टाकळा असल्या रानभाज्यांचे वाटे लावून बसलेल्या. मी भारंगी घेतली, तर त्या बाईनं मलाच विचारलं, करता येतीया का? मी म्हटलं येतीया की. तिला काय ते पटलं नाही, दोन वेळा उकळून पाणी काढ नाहीतर कडू लागंल असं बजावूनच तिनं पैसे घेतले. असलं गिऱ्हाइकाला दम देऊन विकणं मला फार आवडतं, मॉलमध्ये मिळत नाही.

गगनबावड्याला आम्ही मुद्दाम जुलैत गेलो. आख्ख्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस तिथं, हे शाळेत पाठ केलेलं, पण एसटीतनं खाली पाय ठेवल्यावर कळालं. पाऊस पडत नव्हता, कुणीतरी वरनं ओततंय असं वाटत होतं. पाच मिनिटांत छत्री उलटी झाली आणि आम्ही चहाच्या टपरीत शिरलो ते दीड तास बाहेर पडलो नाही. पण तो दीड तास मला कुठल्याही पॉइंटपेक्षा जास्त आवडला. गाव तसं छोटं, पण दोन घाट तिथनं सुटतात, एक करूळचा वैभववाडीकडं आणि दुसरा भुईबावड्याचा. करूळचा घाट काँक्रिटच्या कामासाठी किती महिने बंद होता हे तुमच्याच पेपरात वाचलं होतं, पण टपरीवाला म्हणाला की वैनी, घाट बंद म्हणजे आमचं गावच बंद, गिऱ्हाईक गेलं, मी सकाळचं दूध निम्मं केलं होतं. हे मी तुमच्या बातमीत वाचलं नव्हतं, बातमीत फक्त पर्यायी मार्ग होता.

ही रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची बावड्याची जहागीर. शिवाजी महाराजांपासनं पुढं चार-चार छत्रपतींच्या काळात ज्या माणसानं कारभार बघितला त्याच्या घराण्याचं गाव, आणि आपल्याला त्याची ओळख काय तर ‘घाटाच्या अलीकडं भजी चांगली मिळते’. भजी चांगली मिळते हे खरं आहे, आम्ही पण खाल्ली.

आणि एक गोष्ट तिथं बसून डोक्यात आली. समोर गटारीतनं, रस्त्यावरनं, पत्र्यावरनं जे पाणी धो धो वाहत होतं ते कुठं चाललं होतं? कुंभीत. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते हे आपल्या शाळेतल्या पोराला पण सांगता येतं. आपण इकडं राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांला गेलं की इशारा आणि 43 ला गेलं की धोका म्हणून मोबाईल बघत बसतो, 2019 ला आणि 2021 ला तर जीव मुठीत धरून बसलो होतो, पण ते पाणी ज्या डोंगरातनं निघतं तिथली माणसं आपल्याला कधी दिसत नाहीत. राधानगरीचं पण तसंच. ‘किती दरवाजे उघडले?’ हा कोल्हापूरचा पावसाळ्यातला राष्ट्रीय प्रश्न आहे. सात स्वयंचलित दरवाजे, पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपोआप उघडतात, कुणी बटण दाबावं लागत नाही. शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी डोंगरात धरण बांधायचं मनात घेतलं आणि गावाला लेकीचं, राधाबाईंचं नाव दिलं. आता तर 2023 च्या दिवाळीपासनं थेट पाइपलाइननं काळम्मावाडीचं पाणी आपल्या नळाला येतंय, ते धरण पण राधानगरी तालुक्यातलंच. म्हणजे रोज सकाळी चहाला आधण ठेवतो ते त्यांच्याकडचं पाणी, आणि तिकडं जायचं कधी, तर मे महिन्याच्या शेवटी रात्री काजवे बघायला, तेही गाडीचे हेडलाइट चालू ठेवून. काजवे अंधारात दिसतात हो, एवढं तरी पुरवणीत छापा.

राधानगरीच्या बाजारात आम्ही दाजीपूरकडच्या एका म्हाताऱ्याशी बोलत बसलो, नाचणी विकायला आलेला. दाजीपूरला 1958 पासनं गव्यांचं अभयारण्य आहे, आता ते राधानगरी अभयारण्य म्हणून 351 चौरस किलोमीटरचं आहे. आपण गवा बघायला पैसे भरून जीपमध्ये बसतो. म्हातारा म्हणाला, तुम्हाला गवा दिसत नाही म्हणून वाईट वाटतंय, आम्हाला दिसतोय म्हणून. ऊस, भात, नाचणी जे पेराल ते रात्रीत तुडवून जातोय. मग हसला आणि म्हणाला पण जनावर देखणं, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखं. एका वाक्यात शिव्या आणि दुसऱ्या वाक्यात कौतुक. ह्या एका माणसाची मुलाखत तुमच्या नऊ धबधब्यांना भारी पडली असती.

गारगोटीला आमची फजिती झाली. बाजाराचा वार कुणीतरी चुकीचा सांगितला, पोचलो तर बाजार आदल्या दिवशीच होऊन गेलेला, रस्त्यावर कोबीची पानं आणि निवांत गुरं. अक्का चिडल्या. पण परत फिरायचं कशाला म्हणून गाव पायी फिरलो आणि खरं सांगते, बाजार असता तर हे बघितलंच नसतं. मौनी विद्यापीठाचा परिसर बघितला, झाडी, जुन्या इमारती, पोरं सायकली हाणत चाललेली. जे. पी. नाईक यांनी खेड्यातल्या पोरांसाठी हे उभं केलं, मूळचे आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, पुढं देशाच्या शिक्षणाच्या धोरणात त्यांचं नाव झालं. मी स्वतः तीस वर्षं शाळेत शिकवलं, ट्रेनिंगमध्ये नाईकांचं नाव कितीदा लिहिलं असेल, पण गारगोटी पन्नासेक किलोमीटरवर असून कधी गेले नव्हते. 1942 ला ह्याच गावातल्या कचेरीवर क्रांतिकारक चालून गेले होते, गोळ्या खाल्ल्या. हुतात्म्यांच्या स्मारकापाशी आम्ही थोडा वेळ बसलो, शेजारी कॉलेजची दोन पोरं रील करत होती, आम्हाला बघून बिचारी गप झाली. मी म्हटलं करा रे, पण नावं वाचून करा.

तिथनं पुढं पाटगाव. मौनी महाराजांचा मठ तिथं, विद्यापीठाला नाव त्यांचंच. आता पाटगाव मधाचं गाव म्हणून ओळखतात. आम्ही मध घेतला, तर विकणाऱ्या बाईंनी आधी चमच्यानं हातावर दिला, चाटून बघा मग घ्या. घरात आणलेल्या बाटलीतला आणि ह्याचा वास वेगळा, थोडा तुरट, जांभळासारखा. नातीनं पावाला लावून दोन दिवसांत संपवला. परत येताना शेवटची एसटी आमच्याच चुकीनं हुकली, गप्पा मारत बसलो ना. मग एका दुधाच्या टेम्पोत पुढं बसून गारगोटीपर्यंत आलो, अक्का अजून ती गोष्ट सगळ्यांना सांगतात, प्रत्येक वेळी टेम्पोचा स्पीड वाढतोय.

आता गडहिंग्लज. तिथं जायचं म्हणजे एक गंमत आहे. निपाणी-संकेश्वरवरनं जाताना आपल्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्यातनं दुसऱ्या तालुक्यात जायला मधे दुसरं राज्य लागतं, पाट्या कानडी होतात, परत मराठी होतात. आम्ही हिवाळ्यात गेलो होतो कारण मिरची. संकेश्वरी म्हणजे जवारी मिरचीचे सौदे तिथं निघतात, दिवाळीनंतर आवक सुरू होते. लांब, बारीक, सुरकुतलेली, रंग असा की बघूनच घाम यावा. मार्केटात शिरलो आणि पाच मिनिटांत दोघी शिंकून शिंकून बेजार, डोळ्यांतनं पाणी, आणि तिथं बायका मांडी घालून निवांत देठ खुडत बसलेल्या, हसतायत आमच्याकडं बघून. एकीनं पदराचं टोक नाकाला कसं लावायचं ते दाखवलं. तिनं सांगितलं की नुसत्या ह्या मिरचीनं चटणी करू नका, परवडणार नाही, रंगाला दुसरी घाला आणि चवीला ही. कोल्हापुरात जन्म गेला, तांबडा रस्सा करता करता केस पांढरे झाले, आणि कांदा-लसूण चटणीचं गणित मला गडहिंग्लजच्या देठ खुडणाऱ्या बाईनं शिकवलं. यंदाची चटणी तशी केली. मालक म्हणाले यंदा काहीतरी बरं जमलंय. बरं म्हणे!

आणि हो, फुटबॉल फक्त आपल्या पेठांतच खेळतात असा जो आपला समज आहे तो गडहिंग्लजला जाऊन काढून टाका. दिवाळीत तिथं स्पर्धा भरतात तेव्हा बाहेरनं टीमा येतात. आम्ही गेलो तेव्हा नुसता सराव होता तरी मैदानाच्या कडेला म्हातारी माणसं उभी राहून पोरांना सूचना देत होती, अगदी आपल्यासारखीच, कुणी न विचारता.

आजऱ्याचं मी थोडं जास्त लिहिणार आहे, मला ते गाव सगळ्यात आवडलं. गोव्याला, आंबोलीला जाणारी आपली सगळी मंडळी आजऱ्यातनं जातात. आता संकेश्वर-बांदा रस्ता मोठा झाल्यापासनं तर गाडी थांबतच नाही. आम्ही घनसाळ तांदूळ घ्यायला गेलो होतो. आजरा घनसाळला 2016 ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याआधीपासनं आमच्या सासूबाई सणाला तोच तांदूळ मागवायच्या, बारका गोल दाणा आणि वास असा की शेजारणीला कळतं आज काय शिजलंय. पण बाजारात काय कळालं, की नाव झालं म्हणून सगळीकडं घनसाळ मिळायला लागला, आणि एवढा पिकतो कुठं? दुकानदारानं स्वतःच सांगितलं. पीक उशिरा तयार होतं, उतारा कमी, उंच वाढून वाऱ्यात लोळतंय, म्हणून शेतकरी दुसरं बियाणं लावतात. मग तुमच्याकडचा खरा कशावरनं, असं अक्कानी तोंडावर विचारलं. तो रागावला नाही. मूठभर तांदूळ अक्कांच्या तळहातावर घातला, म्हणाला तोंडाची वाफ द्या आणि हुंगा. अक्कानी हुंगलं, परत हुंगलं, आणि पाच किलो घेतला. मला म्हणाल्या तुझ्या सासूच्या देव्हाऱ्याचा वास आला. आता अक्कांची सासू आणि माझी सासू एकच, पण त्या भांडलेल्या असल्या की ‘तुझी सासू’ म्हणतात, जाऊन वीस वर्षं झाली तरी.

दुपारी रामतीर्थाला गेलो. हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावून खाली येते आणि इथं खडकावरनं पसरून उतरते. कातळावर पाय सोडून बसलो, डबा खाल्ला. कातळाच्या फटीत चिप्सची पाकिटं आणि बिअरच्या बाटल्यांच्या काचा, त्या कुणाच्या ते सांगायला ज्योतिषी नको, आजऱ्याचा माणूस रोज देवाच्या पायाशी बाटली फोडायला येत नसणार. आम्ही दोघींनी एक पिशवी भरून काचा गोळा केल्या, अक्कांच्या बोटाला थोडं कापलं. पुरवणीत त्या जागेचा फोटो येतो तेव्हा ह्या काचा फोटोत येत नाहीत.

चंदगडला मुक्कामच करावा लागतो, शंभर किलोमीटरच्या वर आहे. अक्कांच्या माहेरच्या नात्यातलं एक घर होतं, तिथं राहिलो. तिथल्या माणसांना दवाखाना, कापड, कॉलेज सगळ्याला बेळगाव जवळ, आणि कागदपत्राला कोल्हापूर. जिल्ह्याला यायचं म्हणजे एक दिवस मोडतो, काम नाही झालं तर दोन. बोलणं मराठीच, पण चाल कोकणीकडं झुकलेली आणि अधनंमधनं कानडी शब्द. (आम्ही कोल्हापूरच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतो म्हणून पुण्याचे पाहुणे हसतात, तशी मी चंदगडात पहिल्या दिवशी हसले, दुसऱ्या दिवशी स्वतःच तशी बोलायला लागले.) ताम्रपर्णीच्या काठानं फिरलो, रवळनाथाच्या देवळात बसलो. काजूच्या कारखान्यात गेलो, बायका बसून टरफल काढतात, काजूच्या चिकानं बोटं काळी पडलेली, डाग लवकर जात नाहीत म्हणाल्या. आपण वाटीत घेऊन तोंडात टाकतो तो काजू किती हातांतनं येतो ते बघितल्यावर घासाघीस करायला जीभ वळली नाही. पारगडाचं नाव निघालंच, तानाजी मालुसऱ्यांच्या रायबानं राखलेला गड, मालुसऱ्यांचे वंशज अजून तिथं नांदतात. आमच्याच्यानं जाणं झालं नाही, पाय बोलत होते.

आता मुद्दा, संपादकसाहेब. आम्ही दोन वेळा बाजाराचा वार चुकलो, कारण तो कुठं धड लिहिलेला सापडत नाही. नेटवर बघितलं तर एका ठिकाणी एक वार, दुसऱ्या ठिकाणी दुसरा. तुमचे वार्ताहर प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांना हे एका फोनवर कळतंय. तर कुठल्या गावाचा बाजार कधी, तिथं त्या महिन्यात काय येतं, जायला आणि मुख्य म्हणजे परत यायला शेवटची एसटी किती वाजता, एवढी एक चौकट दर शनिवारी छापा. सोनं-चांदीचे भाव रोज छापता तेवढीच जागा लागेल.

दुसरं, बायकांसाठी स्वच्छतागृह. ह्यातल्या एका गावात (नाव लिहित नाही, बाकी माणसं फार चांगली होती) बायकांच्या दाराला कुलूप, किल्ली कुणाकडं तर एका माणसाकडं, तो माणूस कुठं तर लग्नाला. अक्का शहात्तरच्या, शुगर आहे. शेवटी समोरच्या घरातल्या एका सुनेनं हाक मारून आत नेलं, वर चहा पण दिला. बाजाराला येणाऱ्या बायका डोक्यावर पाटी घेऊन पहाटे येतात आणि संध्याकाळी जातात, त्यांनी दिवसभर काय करायचं? तुमच्या वार्ताहरानं आठही गावांत जाऊन नुसतं एकदा दार ढकलून बघावं आणि उघडं का बंद तेवढं लिहावं.

आणि वाचकांपैकी कुणी जाणार असेल तर कापडी पिशवी न्या, सुट्टे पैसे न्या, आणि भाव पाडायचा असला तर निदान भाजी विकणाऱ्या बाईशी नका पाडू.

मी आणि अक्का महाशिवरात्रीच्या आधी परत चंदगडला जाणार आहोत, उपासाची रताळी आणायला. त्याच्या आत चौकट सुरू झाली तर चंदगडचा वार तेवढा नीट बघून छापा, अक्का आता तिसऱ्यांदा ऐकून घेणार नाहीत.

आपली,
एक जुनी वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर